आप्पांनी लावलेली यादी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. माणसं अडवली. हे मी रागाने लिहीत नाही, त्यांना पगारच त्याचा होता. नाशकात सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर ते सुरक्षारक्षक म्हणून लागले आणि त्याच फाटकावरून हवालदार होऊन निवृत्त झाले. नाव वाल्मीक, पण ते फक्त कागदोपत्री. घरात, इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत आणि मखमलाबादच्या भाऊबंदांत ते आप्पा.

मखमलाबादला त्यांची भाजीची शेती. थोरला भाऊ मेथी-कोथिंबीर घेऊन बाजाराला जायचा आणि आप्पा खाकी चढवून फाटकावर. "मातीत वाकायचं आपल्याला जमलं नाय, आपल्याला ताठ उभं राहायचं काम मिळालं," असं ते सांगतात. सांगताना खरोखरच ताठ होतात.

नोकरी सुटली तरी फाटक काही सुटलं नाही. द्वारका चौकाजवळच्या एका कार्यालयात नात्यातलं लग्न होतं. यजमान अक्षता वाटत फिरत होते आणि आप्पा दारात उभे. कोणी सांगितलं नव्हतं. दाराजवळ खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले आणि थोड्या वेळाने उठून लोकांना "कोणाकडून?" असं विचारायला लागले. मुलीच्या मामांनाच त्यांनी बाहेर थांबवलं. मामा लासलगावचे, आवाजाने खणखणीत. पुढे काय झालं ते सांगत नाही, पण आमच्या घराला त्यानंतर त्या बाजूचं आमंत्रण आलेलं नाही.

मला बघायला निफाडला आले तेव्हाची गोष्ट तर माझे वडील अजून सांगतात. पाहुणे मुलगी बघतात, फार तर द्राक्षबाग बघतात. आप्पांनी बागेचं तारेचं फाटक बघितलं. कडी बाहेरून हात घालून निघते, हे त्यांनी वडिलांना स्वतः हात घालून काढून दाखवलं. मग चहा घेतला. मला एकच प्रश्न विचारला, "शिक्षण कशात?" मी म्हटलं, रसायनशास्त्रात. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा कडीकडे वळले. मला तेव्हा हसू आलं होतं. असा सासरा चालेल, असं मी आईला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

आता त्यांच्या फाटकाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. कारखान्यात रोज माणसांचा पूर यायचा. कपड्यावर बिल्ला असला की माणूस आत. पण केबिनच्या आतल्या भिंतीवर एक यादी लावलेली असायची. कामावरून काढलेले, मारामारी केलेले, माल पळवताना सापडलेले, अशांची. पाळी सुरू झाली की आप्पा आधी ती यादी वाचायचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आत येणाऱ्यांची यादी कोण कशाला करेल? ते रोजचेच असतात. यादी करायची ती ज्याला आत घ्यायचं नाही त्याची. नोकरीभर त्यांनी दुसऱ्या प्रकारची यादी पाहिलीच नव्हती.

सासूबाई माझ्या मुलीच्या, दिशाच्या, जन्माआधीच गेल्या. माझा नवरा अमित पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. म्हणजे एरवी घरात आम्ही तिघं. आप्पा, मी आणि दिशा. दिशा टॅबवर नको तितका वेळ बसायला लागली, तेव्हा अमितने वाय-फायच्या डब्याच्या सेटिंगमध्ये तिच्या टॅबला वेळ लावून दिली आणि ते सेटिंग कसं उघडायचं हे आप्पांना त्यांच्या फोनवर शिकवलं. पासवर्डही त्यांनाच ठेवायला लावला. "तुझ्याकडे दिला तर तू विरघळशील," असं मला म्हणाला. खरंच होतं ते, पण म्हणायची काही गरज नव्हती.

आप्पांना दुसरं फाटक मिळालं. दिशाच्या टॅबचं काम दोन दिवसांत संपलं, पण आप्पा रोज ते पान उघडून बसायचे. तिथे घरातल्या सगळ्या यंत्रांची नावं दिसतात, कोणतं जोडलेलं आहे आणि कोणतं नाही. मी भाजी घेऊन जिना चढत असले की वरून आवाज यायचा, "पल्लवी, तुझा मोबाइल आत आला बघ!" मोबाइल माझ्या आधी घरात पोचतो याचं त्यांना भारी कौतुक. शेजारच्या सुलाबाईंचा फोन एकदा आमच्या वाय-फायवर सापडला. दिशानेच त्यांना पासवर्ड दिला होता. आप्पांनी त्यांना बाहेर काढलं नाही, पण दारात गाठून "तुम्ही कालपासून आमच्याकडं आहात," असं सांगितलं. सुलाबाई बिचाऱ्या दिवसभर विचारात पडल्या होत्या.

इथवर सगळी गंमत होती.

लग्नाआधी मी द्राक्षं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होते. परदेशी जाणाऱ्या मालात फवारणीच्या औषधांचे अंश किती राहिलेत ते बघायचं. दिशा झाली आणि ते सुटलं. मला ते परत हवं होतं. नाशकात हातपाय मारून झाले. मग पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने मुलाखतीला बोलावलं. पहिली आणि शेवटची मुलाखत ऑनलाइन, गुरुवारी सकाळी. ती चांगली झाली तर मी आणि दिशा पुण्याला, अमितकडे. आणि आप्पा नाशकात एकटे, कारण नाशिक सोडायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. "तिथं मला कोण ओळखतं?" या वाक्यावर त्यांची ती चर्चा संपायची.

मी त्यांना मुलाखतीचं सांगितलं तेव्हा ते ज्वारी निवडत होते. "बरं," म्हणाले. चांगली झाली तर आम्हाला जावं लागेल, असंही मी सांगितलं. "हो, मग जावंच लागेल," म्हणाले आणि निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायला लागले. मला वाटलं, झालं, सांगून झालं. माणूस इतक्या शांतपणे "बरं" म्हणाला की आपण सोयीस्करपणे विश्वास ठेवतो.

गुरुवारी दिशा शाळेत गेली. मी आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉप उघडला. समोर तीन माणसं. खरं सांगते, मुलाखत अशी झाली की माझा मलाच अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी यंत्रांची नावं तोंडात आपोआप येत होती. आणि आमचं नेट, जे एरवी दळण दळल्यासारखं अडखळतं, त्या दिवशी एकदाही थांबलं नाही. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. शेवटी त्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमचं कनेक्शन फार छान आहे हो, नाशिकमध्ये एवढं चांगलं मिळतं?" मी अभिमानाने "हो" म्हटलं.

नाचायचंच काय ते बाकी ठेवून मी बाहेर आले. बाहेर आप्पा स्टुलावर उभे. एका हातात सेफ्टी पिन, दुसऱ्या हातात फोन, फोनचा स्पीकर चालू, आणि समोर भिंतीवर वाय-फायचा डबा.

"आप्पा, काय करताय?"

"काय नाय. तुझं झालं?"

"झालं! छान झालं!"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला त्या वेळी कळलं नाही. आनंद नव्हता. दु:ख होतं असंही म्हणवत नाही. लाइट गेलेले असताना एकाच घरात दिवा दिसावा, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुझं चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"नेट? मस्त चालू होतं."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. केरू बोलत होता, आमच्या भागाला नेट पुरवणारा. "आप्पा, ऐकताय ना? पिन टोचू नका. त्या बारक्या भोकात पिन टोचली की डबा कोरा होईल. आमचं नाव, आमचा पासवर्ड, सगळं पुसलं जाईल. मग मला स्वतः येऊन टाकावं लागेल आणि मी आज सिन्नरला आहे."

"मग आत जायचं कसं?" आप्पांचा आवाज चढला. "माझा फोनच घेत नाय. वाय-फायवर जाऊ देत नाय, आन वाय-फायवर गेल्याशिवाय ते सेटिंगचं पान उघडत नाय. टीव्ही बंद, टॅब बंद. सगळं घर बाहेर पडलंय!"

"घरातलं एकही यंत्र चालू नाही?" केरूने विचारलं.

आप्पांच्या आधी मीच म्हटलं, "माझा लॅपटॉप चालू आहे की. आत्ताच त्यावर बोलत होते. मोबाइल सकाळपासून बंदच ठेवलाय, मध्येच वाजायला नको म्हणून."

"फक्त लॅपटॉप? आणि बाकी सगळं बाहेर?" केरू म्हणाला. "वहिनी, मग नेट बिघडलेलं नाही. कोणीतरी यादी लावलीय. त्यात दोन प्रकार असतात. एकात, यादीत नाव टाकलं की त्याला बंदी. दुसऱ्यात, यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश, बाकी सगळ्या जगाला बंदी. तुमच्या डब्यात दुसरा प्रकार लागलाय आणि यादीत एकच नाव आहे, तुमच्या लॅपटॉपचं. काही घाबरू नका. त्या लॅपटॉपवरूनच आत जा, यादी बंद करा, सगळं जागेवर येईल."

त्याने फोन ठेवला. मी आप्पांकडे बघितलं. ते अजून स्टुलावरच होते.

मी इतकी काही हुशार नाही, पण एवढं कळायला हुशारी लागत नाही. यादीत नाव टाकायला कोणीतरी लागतं. सेटिंगमध्ये जाता येणारा माणूस घरात एकच.

"खाली उतरा आधी," मी म्हटलं.

ते उतरले. पिन नीट मिटवून खिशात ठेवली. मग आतल्या खोलीत आले, माझ्या लॅपटॉपसमोर माझ्या शेजारी उभे राहिले आणि पासवर्ड माझ्या कानात सांगितला. घरात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी कानात. मी तो टाकला आणि पान उघडलं. केरू म्हणाला तसंच होतं. यादीत एक नाव, माझ्या लॅपटॉपचं. वर दोन गोल, निवड करायला. दुसऱ्या प्रकारचा गोल भरलेला.

"हे तुम्ही केलं?"

"आज सकाळी, दिशा शाळेत गेल्यावर," आप्पा म्हणाले. "यादीत नाव टाकलं. ते वरचे गोल होते तसेच ठेवले. यादीत नाव टाकलं म्हंजे माणूस अडला. मला तेवढंच ठावं. ह्या डब्याची रीत उलटी निघाली."

"मला अडवायला टाकलं."

"हो."

"मुलाखत होऊ नये म्हणून."

"हो. दुपारून काढणार होतो."

दुपारून काढणार होते! जसं काही मुलाखत दुपारपर्यंत पाटावर बसून माझी वाट बघणार होती. मी यादी बंद केली. बाहेर टीव्ही आपला आपण बोलायला लागला, कीर्तन चालू झालं. आप्पांच्या खिशात फोन वाजला, अडकलेले सकाळपासूनचे निरोप एकामागून एक यायला लागले. डबा ठीक झाला आणि मला राग आला. आधी नव्हता, तो आता आला.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दिशा झाल्यापासून मी ज्या दिवसाची वाट बघत होते तोच दिवस तुम्ही कापायला निघालात, हे बोलले. तुमचं जेवण, तुमची औषधं, तुमचं सगळं मी केलं आणि तुम्ही मला चोराच्या यादीत घातलंत, हेही बोलले. ते शेवटचं बोलायला नको होतं, पण ते खोटं नव्हतं. आणि मग मी म्हटलं, "आणि अक्कल तरी चालवायची! घरचं नेट गेलं असतं तर मी मोबाइल चालू करून त्याच्या नेटवर लॅपटॉप जोडला असता. दोन मिनिटांचं काम. तुमच्या फाटकाने मी अडलेच नसते!"

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या फोनला नेटचा पॅक मारलेला नसतो, त्यांच्या दृष्टीने नेट म्हणजे भिंतीवरचा डबा. ते पलंगाच्या कडेला बसले. "म्हंजे अडलीच नसतीस," म्हणाले. आणि मी शपथेवर सांगते, त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. त्याने माझा राग आणखी वाढला.

"तुम्हाला मी जायला नको होते ना? मग तोंड नव्हतं का? ज्वारी निवडत बसलात, बरं बरं म्हणालात. तेव्हाच सांगायचं, जाऊ नको म्हणून!"

"तोंडानं सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

"मग? तेच हवं होतं ना?"

"तसं नको होतं." आप्पा मान खाली घालून बोलत होते, पण आवाज सरळ होता. "नेट गेलं असतं तर तू नेटला शिव्या दिल्या असत्या. केरूला दिल्या असत्या. दोन दिस रडली असतीस आन पुढं लागली असतीस. माझ्या सांगण्यावरून थांबली असतीस, तर रोज मला ताट वाढताना तुला ते आठवलं असतं. ते मला बघवलं नसतं."

ते म्हणत होते ते खरं होतं. त्यांनी जाऊ नको म्हटलं असतं तर मी थांबले असते. सगळ्यांना सांगितलं असतं की माझा मीच निर्णय घेतला, आणि मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत राहिले असते. माझ्याबद्दलची ही गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. ज्यांना मी भोळे समजत होते त्यांना ती नीट माहीत होती.

राग गेला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांना मी जेवायला वाढलं आणि बोलले नाही. त्यांनीही बोलायला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दिशाला शाळेत सोडून आले तर वरून हाक आली नाही. ते बाहेरच्या खोलीत बसले होते, पण फोन टीपॉयवर पालथा ठेवलेला. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "बघा की, माझा मोबाइल आत आला का ते." त्यांनी फोन उचलला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "आलाय," म्हणाले. एवढंच, पण आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुण्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. निवड झाली होती. मी तिथल्या तिथे होकार पाठवला, कारण विचार करत बसले असते तर हजार गोष्टी सुचल्या असत्या. मग बाहेर गेले आणि अमितच्याही आधी आप्पांना सांगितलं.

"होकार कळवलास?" त्यांनी विचारलं.

"कळवला."

"पक्का? म्हंजे आता मागं फिरायचं नाय?"

"नाही फिरायचं. पक्का."

त्यांनी टीव्ही बंद केला. एरवी ते बोलायला टीव्ही कधी बंद करत नाहीत.

"मग आता सांगायला हरकत नाय," आप्पा म्हणाले. "जाऊ नको, पोरी."

मी त्यांच्याजवळ बसून पोटभर रडले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं नाही आणि मीही थांबते म्हणाले नाही. महिना संपता संपता मी आणि दिशा पुण्याला गेलो.